पुडीतल्या दोन काचा

दोन हजार बावीस साली, दिवाळीनंतर, माझ्या नातीचा, मोहिनीचा, साखरपुडा झाला. पंगतीत तिचे होणारे सासरे बन्सीलाल माझ्या शेजारी बसले होते. मी बट्टी कुस्करत होतो, तेवढ्यात त्यांनी विचारलं,

"नाना, मोटरसायकलच्या ब्रेकची काच बदलतात ते मिस्तरी तुम्हीच का? आमच्या रावेरकडे मोठं नाव हाये त्यायचं."

"नाही," मी म्हणालो. "तो दुसरा. धुळ्याचा."

माझ्या बट्टीवर तूप कोणी वाढलं ते मला कळलं नाही.

त्या दुसऱ्याचं नाव रुपचंद. आम्ही दोघं साक्रीला जीवराम मिस्तरींच्या हाताखाली शिकलो. रुपचंद सातवी झालेला. मी शाळेची पायरी न चढलेला. पण मिस्तरींचा त्याच्यावर जीव होता तो सातवीसाठी नाही. "रुपचंदना हात हलका शे," ते म्हणायचे. आणि मला म्हणायचे, "अभिमन, तू जोरवान शेस. तो जाम नट तू सोड." चाळीस वर्षं होऊन गेली. अजूनही जाम नट सुटला की मला ते वाक्य ऐकू येतं.

पुढे तो धुळ्याला राहिला आणि मी जळगावला पिंप्राळ्यात दुकान टाकलं. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असलेल्या गाड्या आल्या, आणि त्या जुन्या झाल्या तसं हे काचेचं काम निघालं. हँडलपाशी ब्रेकच्या तेलाची डबी असते. तिला रुपयाएवढी गोल काच, आत तेल किती आहे ते दिसायला. उन्हापावसात ती पिवळी पडते, तडकते आणि तेल पाझरायला लागतं. कंपनीची नुसती काच मिळत नाही. सगळी डबी बदला म्हणतात, आणि जुन्या गाडीची डबी तर शोधूनही सापडत नाही. रुपचंद नुसती काच बदलून द्यायचा. साक्रीचे, शिरपूरचे लोक त्याच्याकडे जायचेच. पण जळगावचेही माझ्या दुकानावरून, माझ्या डोळ्यांदेखत, नव्वद किलोमीटर धुळ्याला जायचे.

म्हणून त्या पंगतीत मी बोलून गेलो, "काही अवघड नाही त्यात. घरात मिस्तरी असताना धुळ्याला कशाला जाता? गाडी माझ्याकडे पाठवा."

घरी आल्यावर बायकोने, भागाबाईने, विचारलं, "तुमले येस का ते काम?"

"त्याले येस ते मले कसं येवाव नही?"

बन्सीलालांची गाडी वीस वर्षांची. मी जुनी काच स्क्रू ड्रायव्हरने जोर लावून उचकटली. खाचेची कड थोडी दुखावली, ती घासून घेतली. दुकानांचे बोर्ड बनवतात तिथून अ‍ॅक्रिलिकचा तुकडा आणला, गोल कापला, सोल्युशन लावून बसवला. पाण्यासारखी स्वच्छ दिसत होती काच. बन्सीलाल खूश झाले.

"आता धुळ्याचं नाव कोन घेते, नाना!"

त्या आठवड्यात मी त्या काचेचा फोटो दुकानात येईल त्याला दाखवला. विचारलं नाही त्यालाही दाखवला.

तीन आठवड्यांनी ते परत आले. गाडी टेम्पोतून उतरवली आणि हाताने ढकलत दारात उभी केली.

"नाना, तुमची काच त रडू राह्यली."

काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे गेले होते. तेल गळून टाकीचा रंग सोलून निघाला होता.

"सावद्याच्या रस्त्यावर दाबला ब्रेक, त दांडा मुठीले टेकला. पुढे केळीचा ट्रॅक्टर. मागच्या ब्रेकवर वाचलो. उद्या आमचा पियुष मोहिनीले घेऊन जानार होता याच गाडीवर."

एवढं बोलून ते शांतपणे चहा प्यायले. मग बशी खाली ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "धुळ्याले नेऊ का मग?"

"दहा-बारा दिवस द्या," मी म्हणालो. "मीच करतो."

ते गेले. भागाबाई कपबशा उचलायला आली.

"ती चिठ्ठी वाचा ना," ती म्हणाली. "आता ते वाचता येस तुमले."

चिठ्ठी सहा वर्षांपूर्वीची. पंडित नावाच्या एका गिऱ्हाइकाबरोबर रुपचंदने ती पाठवली होती, सोबत कागदाची एक पुडी. पुडीत दोन गोल काचा होत्या. मला अक्षर येत नाही हे ठाऊक असून त्याने चिठ्ठी पाठवली, म्हणजे मला खिजवायलाच, असं मी धरून चाललो. कोणाकडून वाचून घेतली नाही. नट-बोल्टांच्या डब्यात तळाशी टाकून दिली. पुढे कोरोनात दुकान बंद होतं तेव्हा मोहिनीने मला पाटीवर अक्षरं शिकवली. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी एसटीच्या पाट्या वाचल्या, औषधांची नावं वाचली, पेपरातल्या निधनवार्ता वाचल्या. ती चिठ्ठी तेवढी वाचली नाही.

डबा उपडा केला. कागदाला ग्रीस लागलं होतं. जोडाक्षरांना अडत अडत वाचलं.

"अभिमन, सोबत दोन काचा आहेत. चष्म्याच्या दुकानात जुनी काचेची भिंगं पडून असतात. बिननंबरी बघून घे, सहाणेवर पाणी घालून गोल घास. बोर्डाची काच घेऊ नको. ब्रेकचं तेल तिला खातं. मी ती चूक केली, एक माणूस गाडीवरून पडला. कोणतीही काच आधी आठ दिवस तेलात बुडवून ठेव, मग बसव. जुनी काच उचकटू नको, मधे भोक पाडून स्क्रूने ओढून काढ. बसवल्यावर भोवती पावडर लाव. दोन दिवस पावडर कोरडी राहिली तरच गाडी दे. तुझ्या गावची गिऱ्हाइकं माझ्याकडे येतात हे मला बरं वाटत नाही. तोंडी सांगितलं तर तू ऐकणार नाहीस म्हणून लिहिलं. कोणाकडून वाचून घे. रुपचंद."

खरं सांगतो, मला पहिल्यांदा रागच आला. चांगुलपणातही हाच पुढे.

पण पुडी उघडली. दोन्ही काचा तशाच होत्या, सहा वर्षांनी. एक तेलात टाकली आणि रोज सकाळी बघितली. ती धुरकट व्हावी असं मला एकदा वाटून गेलं. नाही झाली. मग खाचेची कड पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासली, काच बसवली, भागाबाईच्या डबीतली पावडर लावली. दोन दिवस पावडर कोरडी राहिली.

बन्सीलालांनी ब्रेक दाबून पाहिला. "आता बसली," ते म्हणाले.

"हो," मी म्हणालो. काच कोणाची ते सांगितलं नाही.

रुपचंदला फोन करायचा होता. नंबर काढायचो आणि ठेवून द्यायचो. सहा वर्षांनी काय सांगणार, आज वाचली म्हणून? संक्रांतीला करू म्हटलं. संक्रांत गेली.

बातमी पंडितनेच आणली.

दहाव्याला पांझरेच्या काठी गेलो. माणसं नदीत उतरली होती. मी वर उभा राहून मोटरसायकली मोजल्या. सत्तेचाळीस. त्यातल्या एकोणीस गाड्यांच्या हँडलवर त्याची काच होती. माझ्या दहाव्याला किती येतील, हा विचार मनात आला. कावळा शिवेपर्यंत तो गेला नाही.

नंतर लोक माझ्याकडे यायला लागले. "काचवाले मिस्तरी तुम्हीच का?" विचारायचे. पहिल्या दोघा-तिघांना मी "हो" म्हणालो.

मे महिन्यात मोहिनीचं लग्न झालं. मांडवात बन्सीलाल रावेरच्या एका पाहुण्याला हाताला धरून माझ्याकडे घेऊन आले.

"हे आमचे नाना. काचवाले मिस्तरी हेच."

दोन्हीकडची माणसं बसलेली होती. मी उठून उभा राहिलो.

"मी नाही," मी म्हणालो. "काचवाला मिस्तरी रुपचंद, धुळ्याचा. तुमच्या गाडीला बसवली ती काच त्याचीच, व्याही. मी त्याच्या चिठ्ठीवरून काम करतो."

पाहुणा म्हणाला, "मंग त्यायलेच दाखवतो ना गाडी. कुठी भेटतीन ते?"

रुपचंद मिस्तरी सात फेब्रुवारी दोन हजार तेवीस रोजी, मंगळवारी सकाळी, धुळ्यात वारला.