तिथं आमी कोण

मी भागिरथा, कापूस वेचणाऱ्या बायकांच्या संस्थेची सचिव. आमचं गाव कामरगावपासून जीपनं अर्ध्या तासावर. मले राग लवकर येते, अन् त्याची मले काही लाज नाही.

आमच्या संस्थेले संयुक्त राष्ट्रसंघानं सल्लागार दर्जा देला, म्हंजे त्यायच्या सभेत बसाचा अन् बोलाचा लेखी परवाना. आमची अध्यक्ष मेहरुन्निसा जिनिव्हाले जाऊन दोन मिनिटं बोलणार होती. फवारणीनं बायकांच्या हाताचं काय होते, ते सांगाचं होतं. तिच्या सोताच्या हाताची सालपटं निघून राह्यली होती. व्हिसाले एकच कागद बाकी होता, संस्थेचं हापीस याच गावात हाय असा सरपंचाच्या सहीचा दाखला. कामरगावहून कागद धाडाचा तो शेवटचा दिवस, बाराची जीप गेली का सगळं मातीत.

आता सरपंच हाय रूपालीबाई. पण खुर्चीत बसते तिचा नवरा हेमसिंग, अन् तिच्या नावाची सही बी तोच ठोकते. रूपालीबाई फक्त मासिक सभेले येते अन् बाजूच्या स्टुलावर पदर सावरत बसते. त्या दिवशी सभा होती.

हेमसिंगनं आमचा कागद उलटापालटा केला. वाशिमच्या वकिलाले विचारून आलो म्हणे. आंतरराष्ट्रीय कायद्यात देश मोजतात, संस्थेले कोणी हिंग लावून विचारत नाही. तुमाले तिथं ना मत, ना अधिकार, मंग कायले जाता उगीच? पंधरा मिनिटं त्यानं कायदा पाजला. माह्यं टाळकं सटकलं. मी तोंड उघडणार, तं मेहरुन्निसानं माहा हात दाबला.

"खरं हाय, हेमसिंगभाऊ," मेहरुन्निसा म्हणे. "तिथं आमी कोणीच नाही. मांगची एक खुर्ची अन् दोन मिनिटं, बस. पण तेवढं त्यायनं कागदावर लिहून देलं. तुमी या खुर्चीत बसले, ते कोण्या कागदावर हाय?"

ग्रामसेवक पंख्याकडं पाहू लागला. हेमसिंगनं पाणी मांगतलं.

रूपालीबाई उठली. टेबलाजवळ येऊन तिनं कागद दोनदा वाचला, नवऱ्याच्या खिशातला पेन काढला अन् सावकाश सही केली. मले तं रडूच आलं.

ग्रामसेवकानं रजिस्टर उघडून ताडून पाह्यलं. हळूच म्हणे, ताई, हे सही मांगच्या सह्यायशी जुळत नाही.

"हे माही हाय," रूपालीबाई म्हणे. "मांगच्या कोणाच्या हायेत, ते यायले विचारा."

शिक्का बी तिनंच मारला. आमाले बाराची जीप भेटली.