घोड्यावरचा आणि दुसरा

ड्रायर फिरायला लागला की आमच्या लाँड्रीत थोडा वेळ हाताला काम नसतं. त्या वेळात मी लोकांच्या खोड्या काढते आणि माझी नणंद वाचते. या खेपेला वन्संनी एक जुनी इंग्रजी प्रेमकथा धरली होती. मराठीत आणलेली, उशीएवढी जाड. मुखपृष्ठावर काळ्या घोड्यावर एक उंच गृहस्थ, तोंड असं की कुणीतरी त्याच्या नव्या कोटावर चहा सांडलाय.

"हा काय करतो?" मी विचारलं.

"मोठ्या घरचा आहे. उद्धट. नायिकेला भर पावसात रस्त्यावर सोडून घोडा हाकत निघून जातो."

"आणि ती?"

"ती त्याच्याच प्रेमात पडते," वन्सं म्हणाल्या आणि असा उसासा टाकला की हँगरवरचे शर्ट हलले.

माझी ट्यूब पेटली.

कारण आमच्या समोरचा घड्याळवाला. बिचारा एकटा माणूस, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. शर्ट इस्त्रीला आणायचा, आणि कधीकधी तर इस्त्री केलेलाच पुन्हा आणायचा. वन्संना "बऱ्या आहात ना?" विचारायचा आणि उत्तर ऐकायच्या आतच पळायचा. दुसऱ्या गावातला त्याचा भाऊ त्याला आपल्या दुकानात बोलावत होता. जाण्याआधी एकदा वन्संना लग्नाचं विचारावं, असं त्याच्या मनात होतं. पण धीर होत नव्हता म्हणून माझ्याकडे आला. म्हणजे बघा, सगळं गाव सोडून माझ्याकडे!

"भाऊजी," मी म्हटलं, "तुम्ही फार गोड आहात. तिथंच घोडं अडतंय."

"मग काय करू?"

"उद्धटपणा करा. वन्संच्या पुस्तकात तसंच चालतं. बाई आधी चिडते, मग विरघळते."

"मला नाही हो येत."

मग मी त्याच्या दुकानात त्याची तालीम घेतली. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाला वन्सं समजून बोलायला लावलं. "भुवया वर करा. हं, म्हणा, कॉलर बरोबर नाही!"

"कॉलर बरोबर नाही, माफ करा."

"माफ करा नको!"

"बरं, माफ करा."

हसून हसून माझं पोट दुखलं.

दुसऱ्या दिवशी घामाघूम होऊन तो आमच्या दुकानात आला आणि शर्ट काउंटरवर ठेवला. "कॉलर बरोबर नाही," म्हणाला. "शिकाऊ माणसानं केल्यासारखी वाटते."

हे शिकाऊचं मी शिकवलं नव्हतं हो! ती त्याची स्वतःची भर.

आता वन्संची कॉलर म्हणजे काय चीज आहे ते ऐका. दोन्ही टोकांकडून मधे इस्त्री फिरवत आणतात, एक चुणी दिसायची नाही. त्यांनी शर्ट उचलून उजेडात धरला, शांतपणे घडी घातली, कागदात गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला.

"उद्यापासून दुसरीकडे टाका."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी कोटांच्या रांगेमागे.

त्यानंतर तो आलाच नाही. एके सकाळी समोर बघते तर हा आपल्या भिंतीवरची घड्याळं उतरवून खोक्यात भरतोय. माझं हसू तिथंच विरलं.

"वन्सं, अहो, तुम्हाला उद्धट माणूस आवडतो ना? तो घोड्यावरचा?"

"तो? त्या मेल्याला मी पहिल्याच प्रकरणात घोड्यावरून खाली ओढला असता!"

"मग ते उसासे?"

"ते दुसऱ्यासाठी गं. त्या गावात एक साधा मास्तर असतो. हा तिला पावसात टाकून जातो ना, तेव्हा तो मास्तर आपली छत्री तिला देतो आणि स्वतः भिजत घरी जातो. नंतर बिचारा तिला मागणी घालतो, ती नाही म्हणते. आणि पुढे तर लिहिणारी बाईच त्याला विसरून जाते! मी शेवटच्या पानापर्यंत शोधत होते, लग्नात कुठं कोपऱ्यात तरी उभा दिसेल म्हणून." वन्संनी इस्त्री उचलून शर्टावर टेकवली. "समोरचा मला तसाच वाटायचा. तोही शेवटी घोड्यावरचाच निघाला."

आता मात्र मला तोंड उघडणं भाग होतं. सगळं सांगून टाकलं. त्यांच्या हातात तापलेली इस्त्री होती, म्हणून जरा लांब उभी राहून सांगितलं.

"घड्याळासमोर तालीम?"

"हो. आणि दर वाक्याला माफ करा. तेवढं काढता काढता माझा जीव गेला."

त्यांनी रागावून बघायचा फार प्रयत्न केला, पण ओठांचा एक कोपरा फितूर झाला. "तुला नंतर बघते, वहिनी," म्हणाल्या. इस्त्री बंद केली, आणि जन्मात कधी नाही ते अर्धा शर्ट तसाच टाकून रस्ता ओलांडला.

मी दारात. समोर घड्याळवाला एका डोळ्याला भिंग लावून उभा, ते काढायचंही भान नाही. वन्संनी त्याच्या हातातलं खोकं काढून घेतलं आणि एकेक घड्याळ परत भिंतीवर टांगायला सुरुवात केली. एक वाकडं लागलं, ते त्यानं हळूच सरळ केलं. मग दोघं काहीतरी बोलत राहिले. ऐकू येत नाही म्हणजे काय! माझ्याच्यानं राहवेना.

"भाऊजी!" मी रस्त्यापलीकडे ओरडले. "आता विचारा! गोडच विचारा!"

रस्त्यावरची माणसं थांबली. वन्सं दारात आल्या, टोमॅटोसारख्या लाल.

"विचारलं त्यांनी! मी हो म्हटलं! आता आत जा, गिऱ्हाईक आलंय!"

गिऱ्हाईक कसलं, कुत्रंसुद्धा नव्हतं. तरी मी शहाण्यासारखी आत गेले आणि समोरच्या दुकानात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं हसले.