चकवा पुढे, ताई मागे

घरात तिला सगळे चकवा म्हणायचे. तिला राग यायचा नाही, कारण नावात खोट काढायला जागाच नव्हती. आपली गाडी कुठे लावली हे विसरणारी माणसं पुष्कळ असतात. चकवा आपण कुठल्या मजल्यावर आहोत हेही विसरायची. दवाखान्यात कुणाला भेटायला गेली की बाहेर पडताना हमखास तिथल्या धुलाईखान्यात निघायची. एरवी बाई चोख होती. चष्म्याच्या दुकानात ती डोळे तपासायचं काम करायची. समोरच्याला खुर्चीत बसवून एकेक भिंग लावत विचारायची, "आता स्पष्ट दिसतंय की मघाशी दिसत होतं?" त्यात तिची चूक कधी झाली नाही. फक्त काम संपवून उठली की डावीकडे जायचं की उजवीकडे, हा प्रश्न पडायचा.

तिची नणंद म्हणजे दुसरं टोक. ताईने अर्धं आयुष्य शहराबाहेरच्या राष्ट्रीय उद्यानात लोकांना डोंगर दाखवण्यात घालवलं होतं. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तिने तिथल्या पायवाटांवर एक पुस्तक लिहिलं. ते खपलं. आता नवी आवृत्ती निघायची होती, आणि त्यासाठीच प्रकाशकाच्या संपादकाने तिला बोलावून घेतलं.

कचेरी छापखान्याच्या वर होती. खाली मशीन सुरू झालं की टेबलावरचे पेन हळूहळू कडेकडे सरकायचे आणि संपादक न बघताच ते मागे ढकलायचा.

"मॅडम, पुस्तक फार गोड आहे," तो म्हणाला. "मी स्वतः अंथरुणात पडून दोनदा वाचलं."

"पण?"

"पण लोक ते अंथरुणात वाचत नाहीत ना. डोंगरात घेऊन जातात. आणि चुकतात. उद्यानाच्या कार्यालयातून परत फोन आला होता. आणखी एक कुटुंब भलतीकडे निघालं. हातात तुमचंच पुस्तक."

"त्यांना वाचता येत नसेल!"

"मॅडम, तुम्हाला ती वाट पाठ आहे, तीच पंचाईत आहे." त्याने पेन मागे ढकलले. "पुढच्या आठवड्याअखेर मशीन लावतोय. तोवर काय बदलायचं ते बदला."

ताई तिथून तडक भावाच्या घरी आली आणि जेवणाच्या टेबलावर तिने संपादकाची पार सालटी काढली. भाऊ सगळं ऐकून घेत होता. शेवटी हसत म्हणाला, "ताई, असं कर. पुस्तक हिच्या हातात दे आणि सोड डोंगरात. ही पोचली तर जगातलं कुणीही पोचेल."

तो आपल्या विनोदावर पोटभर हसला, पण एकटाच. समोर दोघी एकमेकींकडे बघत होत्या.

चकव्याने चमचा खाली ठेवला. "ताई, मी खरंच येऊ?"

"चढवेल तुला?"

"चढवेल. पोचवायचं काम पुस्तकाचं."

तिचे डोळे चमकायला लागले होते. आजवर या गुणाबद्दल तिला टोमणे मिळाले होते, कीव मिळाली होती. आज पहिल्यांदा त्याची कुणाला तरी गरज पडली होती.

सुट्टीच्या दिवशी सकाळी दोघी उद्यानाच्या फाटकाशी उतरल्या. जायचं होतं कड्याखालच्या तळ्यावर. पुस्तकातली सगळ्यात लोकप्रिय वाट तीच. अट साधी होती. चकवा पुस्तकाची कच्ची पानं हातात घेऊन पुढे चालणार, ताई मागून येणार आणि तोंडातून अक्षर काढणार नाही. बोट दाखवायचं नाही, भुवई उडवायची नाही.

"मोठ्या दगडापासून डावीकडे वळावे," चकव्याने मोठ्याने वाचलं आणि मान वर केली. समोरचा अख्खा उतार मोठ्या दगडांनी भरलेला होता. तिने त्यातला एक पसंत केला.

मागून "हं" असा आवाज आला.

"हं काय? बोलायचं नाही ठरलंय!"

"खोकले मी."

"थोड्याच वेळात ओढा लागतो," असं पुढे लिहिलं होतं. चकवा चालली, दमली, बसली, उठली, परत चालली. ओढ्याचा पत्ता नाही. हा थोडा वेळ ताईच्या पायांचा होता, हे तिला कसं कळणार? ओढा एकदाचा लागला तेव्हा तिने आशाच सोडली होती. मग एका झाडीत पानाच्या वरच्या कडेपासून खालपर्यंत एका निळ्या पक्ष्याचं वर्णन सुरू झालं, त्याचं शेपूट, त्याची शीळ, त्याचा स्वभाव. वर्णन इतकं छान होतं की चकवा मान वर करून पक्षीच शोधत राहिली. तिथेच वाटेला फाटा फुटला होता. तिचे पाय आपोआप रुंद वाटेला लागले. मागे ताईने पदराचं टोक असावं तसं स्वेटरचं टोक दातांत धरलं होतं.

झुडपं बाजूला सारत दोघी बाहेर पडल्या, तर समोर तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे दोरीवर मोजे वाळत होते. उद्यानाच्या वनरक्षकाच्या घराचं मागचं अंगण. तो स्वतः दोरीपाशी उभा राहून मोज्यांना चिमटे लावत होता. त्याला जरासुद्धा आश्चर्य वाटलं नाही.

"या, या. पुस्तकवाले का? नळ तिकडे आहे. सगळे आधी पाणीच मागतात."

"सगळे म्हणजे?" ताईचं मौन सुटलं.

"अहो, रोजचं आहे. त्या पुस्तकातला पक्षी बघत बघत लोक सरळ माझ्या अंगणात येतात. लिहिणाऱ्या बाईंना मला एकदा भेटायचंच आहे."

चकव्याने तोंडावर हात ठेवला, पण हसू बोटांमधून फुटलंच.

"भेटलात," ताई म्हणाली.

वनरक्षकाने चिमटा हातातच धरून दोन क्षण विचार केला. "मग खुर्ची आणतो," तो म्हणाला आणि आत गेला.

ताई खुर्चीवर न बसता पायरीवर बसली. तिचा चेहरा लाल झाला होता. "मोठा दगड म्हणजे मोठा दगड! त्याच्यावर आडवा पांढरा पट्टा आहे, कमरेला पट्टा बांधल्यासारखा. आंधळ्यालाही दिसेल."

"मग हे लिहिलं का नाहीत?"

"अगं, दिसतंच की ते!"

"तुम्हाला दिसतं, ताई. मी तिथे पहिल्यांदाच उभी आहे." चकवा तिच्यासमोर उकिडवी बसली, आणि नकळत तिचा दुकानातला आवाज लागला. "डोळे मिटा बघू. आता तुम्ही त्या फाट्यावर आहात. समोर काय दिसतंय?"

ताईने आधी तिच्याकडे रागाने बघितलं, मग डोळे मिटले. "दोन वाटा. रुंद आहे ती गाडीची, तिच्यावर चाकांच्या खुणा आहेत. आपली अरुंद. ती सुरुवातीला चक्क खाली उतरते, म्हणून कुणाला खरी वाटत नाही."

"आणि पायाखाली?"

"खडी. आपली वाट पार तळ्यापर्यंत खडीची आहे. पाय टाकला की वाजते."

चकवा पानांच्या समासात भराभर लिहीत होती. लिहिता लिहिता मध्येच थांबली. "ताई, एक विचारू? या पुस्तकात सगळं बरोबर गेलेल्या माणसासाठी लिहिलंय. चुकलेल्या माणसासाठी एक ओळ नाही. मी चुकलेय हे मला कळणार कसं?"

ताईने डोळे उघडले.

"म्हणजे लिहायचं," चकवा उत्साहाने म्हणाली, "की वाळत घातलेले मोजे दिसले तर तुम्ही चुकलात, परत फिरा."

"मोज्यांचं नका लिहू," वनरक्षक दारातून म्हणाला. "ते रोज नसतात. कुंपण लिहा."

ताई एकदम उभी राहिली. गुडघा कुरकुरला तिकडे तिचं लक्षही नव्हतं. "प्रत्येक फाट्यावर!" ती म्हणाली. "प्रत्येक फाट्यावर लिहायचं. बरोबर असाल तर काय दिसेल, आणि चुकला असाल तर काय दिसेल. अगं, मी लोकांना फिरवायचे तेव्हा हेच तर करायचे! कोण कुठे घसरतं, कोण कुठे भलतीकडे वळतं, सगळं माहीत आहे मला. पुस्तकात मात्र नुसती आपली हुशारी लिहून ठेवली. ऊठ, चल!"

"कुठे?"

"परत खाली. पहिल्या दगडापासून."

पुढचा आठवडा चकव्याच्या घरातलं जेवणाचं टेबल कुणाला जेवायला मिळालं नाही. दुकान बंद झालं की ती धावत यायची, ताई आधीच पानं पसरून बसलेली असायची. भाऊ बिचारा ताट मांडीवर घेऊन खायचा. दोघी तावातावाने भांडायच्या. "थोडा वेळ" हे शब्द पुस्तकातून हद्दपार झाले. तिथे दोन वेगवेगळ्या वेळा आल्या, एक सवयीच्या पायांची आणि एक नवख्या पायांची. पाणी शेवटचं कुठे मिळेल ते आलं. ढग खाली उतरले तर कुठून मागे फिरायचं ते ठळक अक्षरांत आलं. निळ्या पक्ष्यावरून तर खडाजंगी झाली. ताई त्याला सोडायला तयार नव्हती. शेवटी चकव्याने तोडगा काढला. पक्षी फाट्यावर नको, फाटा ओलांडल्यावर बसायला ओंडका आहे तिथे. बसलेला माणूस खुशाल मान वर करील.

तळ्याचं वर्णन मात्र अडलं. दीड पान होतं ते, ताईचं सगळ्यात लाडकं.

"हे काढा," चकवा म्हणाली.

"काय वाईट आहे त्यात?"

"काहीच नाही. पण एवढं वाचून तिथे गेले तर मला बघायला काय उरलं?"

ताई रुसली. चहा न घेता घरी गेली. सकाळी फोन करून म्हणाली, "काढलं," आणि लगेच ठेवून दिला.

मशीन लागायच्या आदल्या दिवशी चकव्याने दुकानातून रजा काढली. यावेळी ती एकटी जाणार होती. ताई पलीकडच्या बाजूने वनरक्षकाच्या जीपमधून वर जाऊन तळ्यावर थांबणार. हे ऐकून मात्र नवऱ्याची चेष्टा कुठल्या कुठे पळाली. "एकटी? ताई, हिला शेजारच्या गल्लीतून भाजी आणता येत नाही!"

"एकटी कुठे? पुस्तक आहे की," चकवा बुटांच्या नाड्या बांधत म्हणाली.

कंबरपट्ट्याचा दगड लांबूनच दिसला. तिला इतका आनंद झाला की तिने त्याला थोपटलं. ओढा सांगितलेल्या वेळेला लागला. फाट्यावर चाकांच्या खुणा दिसल्या. तिने त्यांच्याकडे पाठ केली आणि खाली उतरणाऱ्या वाटेला लागली. ओंडक्यावर बसून मान वर केली. पक्षी काही दिसला नाही, पण शीळ ऐकू आली.

मग ढग उतरले.

बघता बघता झाडं गेली, कडा गेला, आपलेच बूट धूसर झाले. परत फिरण्याची जागा मागेच राहिली होती, आणि ती तिथून गेली तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. चकवा चालत राहिली. पायाखाली खडी कुरकुर वाजत होती. मग तिच्या लक्षात आलं, की आवाज येत नाहीये.

अशा वेळी ती आयुष्यभर एकच करत आली होती, पावलं जोरात उचलायची. चुकलं की आणखी घाई, घाई केली की आणखी चूक. पाय आताही उचलला गेला होता. तिने तो खाली ठेवला आणि पान नाकाशी धरलं. तिच्याच हट्टाने लिहिलेली ओळ होती ती: "वाट वाजायची थांबली तर तुम्हीही थांबा. गवत मऊ लागत असेल तर तुम्ही चुकला आहात. घाबरू नका. आलात तसेच मागे या, खडी वाजेपर्यंत."

"चुकले!" ती मोठ्याने म्हणाली, आणि त्या पांढऱ्या धुक्यात एकटीच हसली. "अगदी लिहिल्यासारखी चुकले!"

ती वळली. पाऊल टाकायचं, कान द्यायचा. मऊ. परत मऊ. मग एक खडा वाजला, मग पुष्कळ. इतका गोड आवाज तिने कधी ऐकला नव्हता. तिथून पुढे ती कानांनीच चालली.

वर तळ्याच्या काठी ताईची अवस्था बघवत नव्हती. हाक मारायची नाही असं तिनेच ठरवलं होतं. ती दोन्ही हात तोंडावर दाबून येरझाऱ्या घालत होती, आणि वनरक्षक तिला परत परत चहा देत होता. शेवटी धुक्यातून कुरकुर कुरकुर ऐकू आलं. ताई जागच्या जागी खिळली.

आधी पानं दिसली, मग त्यांच्यामागची चकवा. केस ओले, गाल लाल.

"ताई! मी चुकले होते! आणि मला कळलं!"

ताईने धावत येऊन तिला मिठी मारली. दोघी काय बोलत होत्या ते वनरक्षकाला कळलं नाही, कारण दोघी एकदमच बोलत होत्या. तेवढ्यात वारा सुटला. ढग कड्यावरून वर सरकला आणि त्याच्या खालून तळं बाहेर आलं.

चकवा तळ्याकडे वळली. हातातली पानं खाली गेली. ती बराच वेळ नुसती बघत राहिली, आणि ताई तळ्याकडे न बघता तिच्याकडे बघत होती.

"बरं झालं काढलंत ते दीड पान," चकवा हळूच म्हणाली.

काठाजवळच्या उंचवट्यावर चढल्यावर ताईचा फोन लागला. संपादकाने पहिल्याच घंटेला उचलला. खालचं मशीन त्याच्याही आवाजाच्या वर ऐकू येत होतं.

"पोचल्या का? खरंच? वा! मग सकाळी छापायला सोडतो."

ताईने उत्तर द्यायच्या आत चकव्याने फोन तिच्या हातातून घेतला. "थांबा, थांबा! ही एकच वाट झाली. पुस्तकातल्या बाकीच्या वाटांवर मी अजून चुकलेच नाहीये!"

पलीकडे संपादकाने टेबलावरचे पेन मागे ढकलले.

"आणि तुम्हाला," संपादकाने सावकाश विचारलं, "सगळीकडे चुकायला किती दिवस लागतील?"

"दुकानातून रजा मिळेल तसं."

त्याने मोठा सुस्कारा सोडला. मग फोन बाजूला धरून जिन्याकडे तोंड करून ओरडला, "त्या डोंगराच्या पुस्तकाचं मशीन लावू नका! बाईंना अजून चुकायचंय!"

ताई हसून हसून तिथल्याच खडीत खाली बसली. चकव्याने फोन तिच्या हातात दिला, तिच्याशेजारी बैठक मारली आणि पुढच्या वाटेचं पान उघडलं.