भीतीची शिकवणी

जोलोचा पहिला दगड बुंध्याला लागला, दुसरा चिखलात रुतला आणि तिसरा नेमका लोंदो गोरिलाच्या पाठीवर, रुपेरी केसांच्या मधोमध बसला. लोंदोने पाला चावायचं थांबवलं. मान वळवून जोलोकडे पाहिलं, दगड लागला तिथे थोडं खाजवलं आणि पुन्हा फांदी ओरबाडायला घेतली. त्याच्या मागे दोन माद्या बसल्या होत्या. धाकटीच्या पोटाला बिलगलेल्या पिल्लाने जोलोला पाहून ओळखीने हात पुढे केला.

"पळ की, मूर्खा," जोलो म्हणाला. "पळ."

लोंदो कशाला पळेल? माणसाला भ्यायचं नाही हे त्याला शिकवलं होतं तेच मुळी जोलोने.

नदीकाठी पाहुण्यांसाठी लाकडी खोल्या उभ्या राहिल्या तेव्हा मालकीणबाईंना गोरिला हवे होते, पण न पळणारे. एवढ्या लांबून पैसे मोजून येणारा पाहुणा काय हलणारा पाला बघायला येतो, असं त्या म्हणायच्या. मग जोलो रोज उजाडताच लोंदोच्या मागावर निघायचा. सुरुवातीला लोंदो दात काढून अंगावर यायचा. जोलो खाली बसून राहायचा, अंगाला घाम सुटला तरी जागचा हलायचा नाही. अशी कित्येक वर्षं गेली. एका दुपारी लोंदो त्याच्या समोरच आडवा झाला, डोळे मिटले आणि चक्क घोरायला लागला. त्या दिवशी जोलो रडला होता आणि हे त्याने बायकोला, एलिवीला, सोडून कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढे पाहुणे आले. तोंडाला फडकी बांधून, गळ्यात लांबलचक कॅमेरे अडकवून आले, मच्छरदाणीत झोपले, नदीतले मासे खाल्ले, लोंदोचे फोटो घेऊन गेले. बाईंनी खूश होऊन जोलोला रबरी बूट दिले.

मग राजधानीत गोळीबार सुरू झाला आणि बाई एका सकाळी होडीत बसल्या. जनरेटर, गाद्या, दारूच्या बाटल्या, न्हाणीघरातले आरसेसुद्धा काढून नेले. लोंदोचं काय, असं जोलोने विचारलं तेव्हा बाईंचे डोळे भरून आले आणि त्याला जप म्हणाल्या. आसवांना काय, होडीत जागा लागत नाही. त्यांच्या मागोमाग जंगलाचे रखवालदारही गेले.

रिकाम्या व्हरांड्यात गास्तों येऊन बसला, मांडीवर बंदूक ठेवून. गास्तों गावातला. जोलोच्या बापाने जन्मभर गास्तोंच्या बापाच्या कसाव्याच्या कंदांच्या मळ्यात घाम गाळला होता, त्यामुळे त्याने बोलावल्यावर जोलोला जावं लागलं. गोरिलाच्या मांसाला नदीच्या खालच्या बाजारात गिऱ्हाईक होतं. पिल्लू जिवंत मिळालं तर विचारायलाच नको.

"लोंदो कुठे बसतो तेवढं दाखव," गास्तों म्हणाला. "पुढचं मी बघतो."

"तो आता इकडे नाही, मालक. नदीपल्याड गेला."

"पोहत गेला?" गास्तों हसला. "थाप मारायची तर जरा शोभेल अशी मार. पाहुण्यांना दाखवताना बरी वाट सापडायची रे तुला. तू नाही तर दुसरा कुणीतरी दाखवील."

त्याच दिवसापासून जोलोने उलटी शिकवणी सुरू केली. दगड झाले, पातेली बडवून झाली, ओल्या पाल्यावर मिरच्या टाकून धूर केला. लोंदोला वाटलं, आपला माणूस जरा बिथरलाय. शिंकत शिंकत तो दुसऱ्या झाडाखाली जाऊन बसला, इतकंच. शेवटी जोलोने नको ते केलं. पेटतं लाकूड घेऊन तो थेट त्यांच्यात घुसला आणि हाताशी आली ती धाकटी. तिचा दंड भाजला. पिल्लू असं ओरडलं की जोलोच्या हातून लाकूडच गळून पडलं, पण तोवर सगळे उधळले होते. परत येऊन तो बराच वेळ झोपडीमागच्या ओढ्यात हात बुडवून बसला. जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र ते त्याला लांबून पाहूनच पळाले. त्यानंतर नुसती चाहूल लागली तरी पळू लागले. जोलोच्या छातीत प्रत्येक वेळी कळ यायची आणि त्याच वेळी जीव भांड्यात पडायचा. गास्तोंने खालच्या गावातून दुसरा वाटाड्या बोलावला आहे, उद्या तो येईल, अशी बातमी आली तेव्हा जोलो झोपडीसमोर निवांत जाळं दुरुस्त करत होता.

"येऊ दे," तो एलिवीला म्हणाला. "काय हाती लागणार आहे त्यांच्या? माणूस दिसला की पळतात आता सगळे."

एलिवी मांडीवर दोरी वळत होती. तिचा हात थांबला.

"माणूस?"

"म्हणजे काय?"

"सकाळी आम्ही बायका भाजीसाठी कोकोच्या वेलीची पानं तोडत होतो, तर तिथेच होते सगळे. ती धाकटी माझ्या पुढ्यात बसलेली. दंडावर मोठा फोड आलाय तिच्या."

जोलो म्हणाला, ते दुसरे कुणी असतील.

"मला लोंदो ओळखू येत नाही होय? बाहेरगावच्या पाहुण्या बायका नि त्यांचे नवरेही होते आमच्यात, त्यांना तर त्याने बघितलंसुद्धा नाही."

ऊन अजून बरंच होतं. जोलोने जाळं बाजूला टाकलं आणि तो म्हणाला, चल, मला दाखव.

एलिवी पट्टा कपाळाला लावून, टोपली पाठीला घेऊन पुढे गेली. जोलो मागे एका जाड बुंध्याआड थांबला. वेलींच्या जाळीत लोंदो बसला होता. त्याने एलिवीकडे पाहिलं आणि पुन्हा खाण्यात गढला. एलिवी खाली बसून पानं खुडू लागली. जरा वेळाने पिल्लू आईच्या पोटावरून उतरलं, टोपलीपाशी आलं, काठावर हात ठेवून आत डोकावलं. एलिवीने त्याला हटकलं नाही. धाकटीसुद्धा नुसती बघत राहिली.

जोलोला राहवलं नाही. तो बुंध्याआडून बाहेर आला.

धाकटीने किंकाळी फोडली, पिल्लाला ओढून घेतलं आणि दोघी माद्या झुडपं मोडत दिसेनाशा झाल्या. लोंदो गेला नाही. तो उठला, हाताच्या मुठी टेकत एलिवीच्या बाजूने पुढे आला आणि तिच्या आणि जोलोच्या मध्ये उभा राहिला. त्याच्या डोक्यावरचे केस ताठ झाले होते. त्याने छाती बडवली, दात दाखवले. त्या रुंद अंगामागे एलिवी दिसेनाशी झाली.

"एलिवी," जोलो कसंबसं बोलला. "हळूच सरक. माझ्याकडे ये."

"मला काही करत नाहीये तो," मागून तिचा आवाज आला. "तू मागे हो."

"तुला तिथे टाकून कसा जाऊ?"

"जा, जोलो. तू गेल्याशिवाय हा मला सोडायचा नाही."

जोलो पाऊल पाऊल मागे सरला. तो जितका लांब गेला तितके लोंदोचे केस खाली बसत गेले. वाटेच्या वळणापाशी जोलो थांबला. तिथून पानांच्या फटीतून जेमतेम दिसत होतं. माद्या परत आल्या होत्या. लोंदो एलिवीशेजारी बसला आणि गावाकडून येणाऱ्या वाटेकडे पाठ करून शांतपणे पाला खाऊ लागला.