फुलटॉसवर चार बळी

लेनर्ड ऑर्मरॉड आमच्या काउंटीत आला तेव्हा आमच्याकडे फिरकी गोलंदाज नव्हता, आणि तो असावा असं कप्तानांना वाटतही नव्हतं. कप्तान विनफील्ड साहेब हौशी खेळाडू. पैसे घेत नसत, त्यामुळे त्यांचं कधी चुकत नसे. वेगवान गोलंदाजाला दम लागला की तो भरून येईपर्यंतची सोय म्हणजे फिरकी, एवढंच त्यांचं मत.

लेन डावखुरा, कापडगिरणीतल्या विणकराचा मुलगा. अर्धा हंगाम सरला तरी तो सीमारेषेवर उभा राहून चेंडू परत फेकत होता. मी यष्टिरक्षक. सरावात त्याचा चेंडू इतका वळायचा की माझ्याच हातून सुटायचा. हे मी साहेबांना सांगितलं.

"मग तू सराव वाढव, स्टॅनली," ते म्हणाले.

जुलैत एका सामन्याचे पहिले दोन दिवस जवळजवळ पावसातच गेले. शेवटच्या सकाळी दोन्ही कप्तानांनी नाश्त्याला बसून ठरवलं: आम्ही समोरच्यांना भराभर धावा द्यायच्या, त्यांनी डाव सोडायचा, मग आम्ही पाठलाग करायचा. असे सौदे तेव्हा सर्रास होत. साहेबांनी लेनला बोलावलं. काउंटीसाठी त्याचं हे पहिलंच षटक.

"वाईट टाक," ते म्हणाले.

"किती वाईट, साहेब?"

"जमेल तितकं."

लेन माझ्याकडे आला. "मला वाईट टाकायची सवय नाही हो."

"अरे, फुलटॉस दे हळूच. कोणीही मारेल."

त्यानं दिला. फलंदाजाला इतका आनंद झाला की त्यानं डोळे मिटून मारला. सीमारेषेवर आमचा एकच माणूस होता, तोही खिशात हात घालून उभा. त्यानं हात बाहेर काढले, झेल घेतला आणि साहेबांची माफी मागितली.

दुसऱ्याला हसू आवरेना, तो त्रिफळाचीत झाला. तिसरा धावत पुढे आला आणि चुकला. मी सवयीनं बेल्स उडवल्या. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचं पाकीट मारलं होतं. चौथ्याला वाटलं, यात नक्की काहीतरी कावा आहे. त्यानं बॅट मागे ठेवून पाय पुढे केला. पंचांनी बोट वर केलं.

उरलेल्यांनी मग धसकाच घेतला. संध्याकाळपर्यंत ते फुलटॉस अदबीनं अडवत राहिले. त्यांनी डाव सोडलाच नाही, सामना अनिर्णित राहिला.

"ऑर्मरॉड, तुला एक साधं काम सांगितलं होतं," साहेब म्हणाले.

वर्तमानपत्रांनी मात्र लेनला जादूगार ठरवलं. त्यामुळे पुढच्या सामन्यात त्याला खेळवावंच लागलं. या वेळी त्यानं मन लावून, अगदी त्याला यायची तशी गोलंदाजी केली. एक चेंडू बँडवाल्यांच्या मांडवात गेला, दुसरा मासे तळणाऱ्याच्या गाडीवर. बळी एकही नाही. साहेबांनी त्याला संघातून काढलं.

त्या रविवारी मी त्याच्या घरी चहाला गेलो. आमच्याकडे रविवारचा चहा म्हणजे हलकं जेवणच; थंड मटण होतं, व्हिनेगरमधलं बीट होतं. लेन ताटाकडे बघत बसला होता.

"बाबा, ते चार बळी खोटे होते."

आल्बर्ट ऑर्मरॉडनं घास संपवला. "ती माणसं परत खेळायला आली का?"

"नाही."

"मग? त्या दिवशी मिळाले म्हणून तोंड पाडलंस, परवा मिळाले नाहीत म्हणूनही पाडलंस. लेका, तुला हवंय तरी काय?"

लेननं बीट बाजूला सारलं. "बळी राहू देत. मला मार पडला तरी चेंडू काढून घेऊ नये, एवढंच."

"मग हे साहेबाला सांग. मला सांगून काय उपयोग? मी विणकर आहे."

लेननं खरंच सांगितलं. साहेब "बरं" म्हणाले.

ऑगस्टमध्ये दोन वेगवान गोलंदाज जायबंदी झाले, तेव्हा लेनला बोलावणं आलं. उन्हानं खेळपट्टी फरशीसारखी टणक झालेली. सकाळी त्याला तीन षटकार बसले. मी साहेबांकडे पाहिलं. ते आपल्या बुटांकडे पाहत होते. चेंडू लेनकडेच राहिला.

त्यानं एका टोकाकडून दिवसभर गोलंदाजी टाकली. दुपारनंतर फलंदाज जपून खेळू लागले, मग चुकू लागले. माझ्या हातून दोन झेल सुटले. तरी तो चिडला नाही. संध्याकाळी त्याच्या नावावर एक बळी होता, बोटाची कातडी सोलली होती, आणि बूट काढता काढता तो बाकावर झोपला.

साहेब आत आले. त्याच्याकडे पाहून आवाज खाली आणत म्हणाले, "स्टॅनली, उठला की सांग त्याला. उद्याही त्याच टोकाकडून."