मास्कमागचं हसू

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. पण लग्नाबिग्नातला नव्हे हं! चाकांच्या उंच खांबावर बसवलेला, खाली पडदा आणि स्पीकर असलेला, रुग्णालयातला कॅमेरा. स्वभावाने महाचौकस. कुणी शिंकलं तरी मला बघायचंच असतं.

कारखान्यात माझी परीक्षा झाली, तेव्हा वाटलं होतं, आता जग बघणार! बघितली एका छोट्या रुग्णालयाची अडगळीची खोली. दोन वर्षं झाडूंच्या शेजारी उभा होतो. मग महामारी आली, आणि इथे येणाऱ्या मेंदूच्या डॉक्टरीणबाई दूरच्या शहरात अडकल्या. मला घाईघाईने पुसून तपासणीच्या खोलीत आणलं. बाई पडद्यावर दिसायच्या, माझ्या डोळ्याने रुग्ण बघायच्या आणि तिकडूनच माझी मान वळवायच्या. मला त्याची भारी मजा वाटे.

एके दुपारी शिवणकाम करणाऱ्या एक मावशी आल्या. उजवा हात जड झाला होता. त्यांच्या यजमानांना आत प्रवेश नव्हता, म्हणून ते फाटकाबाहेर थांबले.

"मावशी, दोन्ही हात उचला," बाई म्हणाल्या.

उजवा हात जरासा खाली आला. "महिनाभर मास्क शिवतेय. अवघडलाय, दुसरं काय!" मावशी म्हणाल्या.

"बरं, आता हसा बघू."

"हसल्या, मॅडम. डोळे हसले की!" सिस्टर म्हणाल्या.

त्या दिवसांत सगळे एकमेकांचं हसू डोळ्यांवरूनच ओळखायचे. बोलणंही मास्कमुळे सगळ्यांचंच घोगरं, अस्पष्ट. सिस्टर म्हणाल्या, "थकवाच दिसतोय. घरी पाठवूया का?" बाईही विचारात पडल्या.

मला मात्र चैन पडेना. त्या फुलाफुलांच्या जाड कापडामागे आहे तरी काय? बाईंनाही तेच वाटलं असावं. त्यांनी मला जवळचं दाखवायला लावलं, अजून जवळचं. मास्कवर उजव्या बाजूला एक ओला डाग होता.

"सिस्टर, मास्क काढा त्यांचा."

"काढू? इथे?" सिस्टर दचकून मागे सरकल्या. मावशींनीही डाव्या हाताने मास्क घट्ट धरला. "नको गं बाई, तुला काही झालं तर!"

सिस्टरनी स्वतःचा मास्क नीट बसवला आणि मावशींचा हळूच उतरवला. ओठांचा उजवा कोपरा ओघळला होता, त्यातून लाळ गळत होती.

"मेंदूचा झटका आहे! त्या शेवटच्या ठणठणीत कधी होत्या, यजमानांना विचारा."

फोनवर यजमान म्हणाले, "साडेबाराला मला चांगलं झापलं की! शब्द न शब्द खणखणीत."

घड्याळात अडीच वाजले होते. मेंदूत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं; नाहीतर शिवणारा हात कायमचा जायचा. मेंदूचं स्कॅन झालं. आत रक्तस्राव नव्हता, म्हणजे इंजेक्शन देता येणार होतं. तीनच्या आत इंजेक्शन दिलं.

तिसऱ्या दिवशी मावशींनी माझ्यासमोर सुईत दोरा ओवला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमला. मला रडता येत असतं तर रडलो असतो.

आता माझ्या जागी नवं यंत्र आलंय. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, तुम्हाला तर दोन दोन डोळे आहेत. घरात कुणाचं तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, तर 'झोपलं की बरं वाटेल' म्हणू नका. लगेच मोठ्यांना हाक मारा, घड्याळ बघा आणि रुग्णालय गाठा. तिथेही गप्प बसू नका, दिसलं ते सगळं सांगा. मावशी वेळेत आल्या होत्या, आणि तरीही आम्ही त्यांना घरी पाठवायला निघालो होतो.