दिवसाच्या बदल्यात दिवस

आमच्याकडे भाताची लावणी सावडीने होते. आज सगळे तुमच्या शेतावर, उद्या तुमी आमच्या. मजुरी कोणी कोणाला द्यायची नाय. माझा चुलत दीर सुरेंद्र, त्याचं शेत यंदा आमी सगळ्यांनी आधी लावून दिलं. आमची पाळी आली तेव्हा तो आलाच नाय. प्रत्येकाच्या मोबाइलवर एका दिवसाची मजुरी पाठवून मोकळा झाला. मी फोन केला, तर म्हणतो, "वहिनी, आता माझ्या टाइमला किंमत आहे."

कसली डोंबलाची किंमत! जमिनीची दलाली करतो म्हणे. म्हणजे शेणव्याच्या नाक्यावर खुर्ची टाकून दिवसभर मोबाइलवर बोट फिरवत बसतो. चिखलात वाकून कमरा आमच्या मोडल्या, आणि हा आमच्या अंगावर पैसे फेकतो. मला शिसारी आली.

तुळशीच्या लग्नानंतर त्याच्या मुलीचं, प्रियांकाचं, लग्न निघालं. लग्नघरी मांडव घालायला सगळी आळी जाते, ही आमची रीत. त्या दिवशी कोणीच गेलं नाय. आमी ठरवून प्रत्येकाने त्याला एका दिवसाची मजुरी पाठवून दिली. आता तरी लाजेल, हात जोडत येईल, असं वाटलं.

संध्याकाळी खरंच आला, पण हसत हसत.

"बरं झालं वहिनी," म्हणाला, "किन्हवलीच्या मंडपवाल्याला देऊन वर उरले. हळदीला पण असंच करा."